हनीफभाईंचा उजवा कान

नागभीडमध्ये हनीफभाईंना रस्त्यावर हाक मारायची, तर नुसतं नाव घेऊन भागत नसे. आपण कुठून हाक मारतोय तेही सांगावं लागे. "हनीफभाई, मागून." "हनीफभाई, पानठेल्यावरून." "हनीफभाऊ, वर पाहा, गच्चीवरून." भाजीवाल्या बायकांपासून तलाठ्यापर्यंत सगळं गाव त्यांना अशीच हाक मारायचं आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटायचं नाही. मी मात्र गावात नवा होतो. पहिल्यांदा मी नुसतंच "ओ हनीफभाई" म्हणालो, तेव्हा हा सहा फुटी माणूस भर बाजारात जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेऊन उभा राहिला. मग अर्धी उलटी गिरकी घेतली आणि शेवटी कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत म्हणाला, "ज्यानं आवाज देला, त्यानं पत्ता पण द्यावा."

त्यांचा डावा कान लहानपणीच गेला होता. गालफुगी झाली, आठ दिवस ताप आला आणि ताप उतरला तेव्हा डाव्या बाजूचे सगळे कोंबडे गप्प झाले होते, असं ते सांगत. एका कानाने माणसाला ऐकू सगळं येतं, पण आवाज कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. त्याला दोन कान लागतात. हे मला नागपूरच्या आयटीआयत कुणी शिकवलं नव्हतं. हनीफभाईंच्या गिरकीने शिकवलं.

आणि या माणसाचा धंदा काय, तर लाऊडस्पीकरचा. रेल्वे फाटकाजवळ त्यांचं दुकान होतं. छताला चार भोंगे टांगलेले, खाली एक जुनं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, आणि ज्याच्यावर बसायचं तीही एक पालथी घातलेली स्पीकरची पेटीच. पस्तीस वर्षं नागभीड आणि आसपासच्या गावांतली लग्नं, बैलांचे शंकरपट, काल्याची कीर्तनं, निवडणुकीच्या सभा हे सगळं त्यांच्या त्या एका उजव्या कानावर चाललेलं. त्यामुळे तो कान ते फार जपत. थंडीत मफलर, वाऱ्यात दुपट्टा. दिवाळीत ते गल्लीतून जाऊ लागले की पोरं पेटवलेली उदबत्ती मागे घेऊन थांबत. "हा कान गेला का दुकान गेलं, अन् दुकानासंग मी पण," असं ते म्हणत, आणि दर वेळी ते म्हणताना उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरत.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की त्यांचा एक ठरलेला विधी असे. खिशातून सुपारीची जुनी डबी काढायची, त्यातला कापसाचा बोळा उजव्या कानात घालायचा आणि घराकडे निघायचं. "दिवसभर मशीन चालली, आता थंडी होऊ द्या," म्हणत. म्हणजे सकाळपर्यंत हा माणूस पूर्ण बहिरा. गावाला तेही ठाऊक होतं. शटर पडल्यावर त्यांना कुणी हाक मारत नसे.

मी नागपुरात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत चार-पाच वर्षं वायरी गुंडाळून, स्वतःला मोठा जाणकार समजून नागभीडला आलो होतो. हनीफभाईंच्या दुकानापासून शंभर पावलांवर मी दुकान थाटलं. पाटीवर माझं नाव बारीक होतं आणि 'स्टिरिओ' हा शब्द हातभर मोठा, लाल रंगात. दुसऱ्याच दिवशी हनीफभाई पाव किलो जिलेबी घेऊन आले. धंद्यातला नवा भिडू म्हणून राग नाही, काही नाही. "काय आणलं नवीन, दाखव ना इंजिनेर," म्हणाले. त्या दिवसापासून मी गावभर इंजिनेर झालो.

मी ऐटीत त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. त्यांनी तो काढून एकच वाटी उजव्या कानाला लावली. थोडं ऐकलं. मग हेडफोन उलटा करून दुसरी वाटी त्याच कानाला लावली.

"दोन गाणे हायेत का याच्यात?"

"एकच आहे, हनीफभाई. डावीकडे बाई गाते, उजवीकडे वाद्यं. डोक्याच्या मधोमध ते एक होतं."

"अन् ज्याच्या डोक्यात मधोमध होत नाई, त्यानं काय करावं?"

मी म्हणालो, "हे दोन कान असणाऱ्यांसाठी असतं." बोलून गेलो आणि लाज वाटली. ती आजही वाटते. ते मात्र पोट धरून हसले. "पब्लिकले एकच कान रायते, इंजिनेर. मायासारखाच. पाय तू." मला वाटलं, बिचारा स्वतःची समजूत काढतोय. मी मनातल्या मनात त्यांची कीव केली आणि वर त्यांचीच जिलेबी खाल्ली.

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला कळला तो भर मांडवात. नागभीडपासून पाच कोसांवरच्या एका गावात मुलीचं लग्न होतं, वरात चामोर्शीकडची. भर दुपारचा मुहूर्त. मला मिळालेलं ते पहिलंच मोठं काम. मांडवात मधून रस्ता सोडलेला. डावीकडे मुलीकडची मंडळी, उजवीकडे मुलाकडची. मी दोन्हीकडे एकेक भलामोठा बॉक्स उभा केला आणि स्टुडिओत शिकलेली सगळी विद्या पणाला लावली. भटजींचा माईक पूर्ण डावीकडे, सनईचा माईक पूर्ण उजवीकडे. मी मिक्सर घेऊन बरोबर मधल्या रस्त्याच्या टोकाला बसलो. तिथे काय ऐकू येत होतं म्हणून सांगू. एका कानातून मंगलाष्टका, दुसऱ्या कानातून सनई, आणि कपाळाच्या मध्यात प्रत्यक्ष लग्न. मी डोळे मिटून घेतले.

तो मध्य फक्त माझ्या वाट्याला आला होता. मुलीकडच्या लोकांना नुसते भटजी ऐकू येत होते आणि मुलाकडच्यांना नुसती सनई. डावीकडे 'सावधान' झालं आणि अक्षता उडाल्या. उजवीकडचे लोक मुठीत अक्षता धरून, घाम पुसत, सनई ऐकत बसलेले. वाजंत्रीवालेही उजवीकडेच उभे होते, तेही इशाऱ्याची वाट बघत राहिले. अंतरपाट खाली गेला, हार पडले, अर्धा मांडव जेवायला उठला आणि अर्धा मांडव बसूनच. मी डोळे उघडले तेव्हा नवरदेवाचा मामा माझ्या मिक्सरपाशी उभा होता.

"आमाले मंगलाष्टका काऊन नाई आयकवल्या?" तो म्हणाला. "आमच्या बाजूनं लग्नच लागलं नाई. या मुठी पाय. भरल्याच हायेत."

मागून मुलाकडचे दहा जण मुठी दाखवत आले. मुलीकडचे म्हणाले, आमच्याकडून तर लागलं. मुलाकडच्यांचं म्हणणं, मग अर्धंच लागलं. मुलीचे वडील पांढरेफटक पडले. मी वायरी तपासल्याचं सोंग करत होतो. आपलं दुकान आजच बंद होणार, एवढंच दिसत होतं.

हनीफभाई त्या लग्नाला पाहुणे म्हणून आले होते, आचाऱ्यापाशी गप्पा मारत होते. कुणीतरी ओरडलं, "हनीफभाई, मांडवातून." ते सावकाश आले. दोन्ही बॉक्सपुढे उजवा कान धरून एकेकदा उभे राहिले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "दोन्ही काटे बारावर आण." मी दोन्ही माईकची बटणं मध्ये आणली. आता सगळ्यांना सगळं सारखंच. मग त्यांनी माईक हातात घेतला. "मंडळी, यंत्राची जराशी गडबड झाली. महाराज शेवटची मंगलाष्टका आखीन एकडाव म्हणून राह्यले. जास्तीची झाली तं संसार आखीन पक्का होते. बसा."

सगळे बसले. पण मुलीकडच्यांच्या अक्षता संपल्या होत्या. तेव्हा तोच मामा उठला आणि आपल्या मुठीतल्या निम्म्या अक्षता मधला रस्ता ओलांडून त्यांना देऊन आला. त्याच्या मागून इतरही उठले. 'सावधान' दोन्हीकडे एकदमच पोचलं, आणि मी आजवर पाहिलेल्या लग्नांत अक्षतांचा इतका दणका कुठेच उडाला नाही. परत येताना हनीफभाई एवढंच म्हणाले, "सिंगल ठेवत जा, इंजिनेर. जे याले आयकू येते, तेच त्याले आलं पायजे. मधात कोणी बसत नाई."

मोनो आवाजाला ते सिंगल म्हणत. दुसऱ्या दिवशी मी पाटीवरचा 'स्टिरिओ' पुसला आणि त्यांचा शागीर्द झालो. नाव दोन दुकानांचं, पण काम एकत्र. त्यांची पद्धत अशी, की भोंगे बांधून झाले की मशीनपाशी थांबायचं नाही. सगळ्या मांडवाला चक्कर मारायची. चुलीपाशी, बैलांपाशी, भिंतीच्या आडोशाला. सगळ्यात लांब बसलेली सगळ्यात म्हातारी बाई शोधायची आणि माईकवरून विचारायचं, "आजी, आयकू येते का?" आजीने मान हलवली की चाचणी झाली. 'हॅलो हॅलो' त्यांनी कधी केलं नाही. "हॅलोले कोण मान हलवते?" म्हणत.

एकदा सकाळी सिंदेवाहीच्या रस्त्यावर, ऐन जंगलात, आमच्या टेम्पोचं चाक बसलं. ड्रायव्हर जॅक लावत होता आणि इतक्यात डावीकडच्या बांबूतून वाघाचा आवाज आला. लांबून होता, पण वाघाचा होता. ड्रायव्हर आणि मी क्षणात टेम्पोच्या उजव्या बाजूला. हनीफभाई रस्त्याच्या मधोमध तसेच उभे.

"इकडे या ना," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"तुमाले एका बाजूले वाघ हाये," ते म्हणाले. "मले चारही बाजूले हाये. मी कुठी पळू?" मग ते शांतपणे टेम्पोत चढले, मशीन चालू केलं आणि भोंग्यावरून अख्ख्या जंगलाला सांगितलं, "वाघोबा, पंचर काढून राह्यलो. दहा मिनिटं थांबा." वाघ थांबला असावा, कारण परत आवाज आला नाही.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो एका संध्याकाळी. हनीफभाई ओट्यावर पेपर वाचत होते, कानात बोळा. जुबेदाभाभी आत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. त्या नवऱ्याशी हातवाऱ्यांनी बोलत. किती पोळ्या, तर बोटं दाखवायच्या. चहात आलं हवं का, तर चिमूट दाखवायच्या. हे इतकं सवयीचं झालेलं, की मला गंमत वाटली. आणि मशीन चालवता चालवता भाभी गुणगुणत होत्या. बारीक, पण इतका सुरेल आवाज, की मी पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी सहज म्हणालो, "भाभींचा गळा काय गोड आहे हो." हनीफभाई वायरीला डाग देत होते.

"कोणाचा?"

"भाभींचा. काल गुणगुणत होत्या ना."

"गाते?" त्यांनी मान वर केली. "कवा?"

"रोज संध्याकाळी गात असतील. शिवताना."

डाग द्यायची सळई वायरीवर तशीच राहिली आणि वायर जळाल्याचा वास आला. मग त्यांनी विचारलं, "कोणतं गाणं होतं?" मला ते सांगता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. "सीझन संपू दे," ते म्हणाले. "मंग एक संध्याकाळ कापूस नाई घालत."

सीझन संपायच्या आधीच ती दुपार आली. एका गावात काल्याचं भजन चाललं होतं आणि हनीफभाई भोंग्याखाली कान लावून उभे. मला म्हणाले, "आज झांजावाला आला नाई का?" झांजावाला आमच्यापासून चार हातांवर उभा राहून जीव तोडून वाजवत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि भजन संपेपर्यंत सोडली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, भोंग्यापाशी राहिलात तर हाही कान जाईल, लांब राहिलात तर आहे तेवढा टिकेल. तो कान म्हणजे त्यांचं सगळं होतं, आणि आता तो वाचवायचा तर ज्याच्यासाठी इतका जपला तेच सोडायचं होतं. आठवडाभर दुकान बंद राहिलं. आठव्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानासमोर हातगाडी घेऊन उभे, गाडीत चारही भोंगे, ते जुनं मशीन आणि बसायची ती पालथी पेटी.

"ठेवून घे," म्हणाले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकाईले कान देला अन् घरच्या बाईले कापूस. आता उलटं करून राह्यलो."

आणि केलंही. घराबाहेर पाऊल टाकलं की कानात बोळा, उंबरठा ओलांडला की बोळा डबीत. गावाने हाका मारणं सोडलं आणि हात हलवायला सुरुवात केली. भाभींनाच आधी जमेना. बोटं दाखवून झाल्यावर त्यांना आठवायचं, की आता बोलता येतं. "घरात कोणी आयकाले बसलं हाये म्हटल्यावर मले गाताच येऊन नाई राह्यलं, भाऊ," त्या मला म्हणाल्या. म्हणून हनीफभाई पेपर तोंडापुढे धरून, ऐकत नसल्याचं सोंग करत बसायचे. मग त्या गायच्या.

चंद्रपूरला दिलेल्या त्यांच्या मुलीने, शबानाने, त्यांना एक चांगला मोबाईल आणि वायरचा इयरफोन पाठवला. दोघं संध्याकाळी ओट्यावर बसत. भाभी नेहमीसारख्या त्यांच्या उजव्या बाजूला. लग्न झाल्यापासून त्या कधी डावीकडे बसल्या नव्हत्या. एक बोंडी त्यांच्या उजव्या कानात, दुसरी भाभींच्या डाव्या कानात. तिसऱ्या दिवशी हनीफभाई माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला.

"गेला वाटते, इंजिनेर," त्यांनी कान धरला. "गाण्यातली बाई आयकू नाई येऊन राह्यली. तिले येते, ती मान डोलावते. मले नुसता तबला अन् बासरी."

मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला, दोन्ही बोंड्या कानांत घातल्या, तेच गाणं लावलं. डावीकडे बाई. उजवीकडे तबला आणि बासरी. मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"कान नाही गेला, हनीफभाई. स्टिरिओ आहे."

त्यांना समजायला दोन क्षण लागले. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मटकन खाली, त्या पालथ्या पेटीवर बसले. "म्हणजे आमच्या घरातच वरपक्ष अन् वधूपक्ष," म्हणाले, आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचा पानठेलेवाला काय झालं म्हणून पाहायला आला.

मी पाटी पुसली होती, पण अंगातला इंजिनेर गेला नव्हता. आठ दिवस खपून मी त्यांची दोनशे गाणी कॉम्प्युटरवर एकेक करून सिंगल केली आणि ती घेऊन मोठ्या थाटात त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा दिला आणि संकोचत म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई मेहनत केली. पण याच्यात एक बटन हाये. काल सापडलं." त्यांनी मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं. खरंच होतं, 'मोनो ऑडिओ'. ते दाबलं की सगळंच सिंगल. हनीफभाई पेपरच्या आड हसत होते, पेपर हलत होता.

यंदा शबानाने दोघांनाही चंद्रपूरला राहायला बोलावून घेतलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा फाटत, खरखरत येत होती. एरवी त्यांनी तिथल्या तिथे त्या भोंग्याची चिरफाड केली असती. आज कानात बोळा होता, ऐकूच आलं नाही. चंद्रपूरवरून बल्लारशाकडे जाणारी गाडी लागली. मी सामान आत ठेवलं, पाया पडलो. ते म्हणाले, "आजीले विचारत जा," आणि मला जवळ घेतलं. मी खाली उतरलो तोवर खिडकीत दोघं बसले होते, भाभी उजवीकडे. हनीफभाईंनी बोळा डबीत टाकला, एक बोंडी आपल्या कानात घातली, दुसरी भाभींच्या हातात दिली.

एकाएकी मला वाटलं, काहीतरी सांगायचं राहून गेलंय. काय ते आता आठवत नाही. बहुतेक काहीच नसावं. जुन्या सवयीने मी हाक मारली, "हनीफभाई, खिडकीबाहेरून, प्लॅटफॉर्मवरून."

ते वळले नाहीत. भाभींना त्यांच्या मोकळ्या कानाने ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि पूर्वी ज्या बोटांनी पोळ्या किती ते विचारायच्या, त्यातलं एक बोट वर करून मला थांबायची खूण केली. गाणं चालू होतं, ते संपू दे, म्हणून. मी थांबलो. गाणं संपायच्या आतच गाडी हलली, आणि दोघांच्या माना एकाच ठेक्यावर डोलत डब्याबरोबर पुढे गेल्या.